गावापासून मंत्रालयापर्यंत : सरकारी आकड्यांतून खरा कल कसा वाचायचा

दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठमोठे आकडे छापून येतात. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा, मुंबई महापालिकेचा त्याच वर्षाचा ७४,४२७ कोटींचा. आकडे खरेच आहेत, पण त्यांतून कळतो तो फक्त इरादा. पैसा आला किती, गेला कुठे आणि हे वर्षानुवर्षे कसे बदलत आले, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे कागद आज सार्वजनिक आहेत. ते कोणत्या क्रमाने हाती घ्यायचे आणि कुठे सावध राहायचे, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरणे महाराष्ट्राची आहेत, कारण इथली कागदपत्रे मला जवळून माहीत आहेत. पद्धत मात्र कुठल्याही राज्यात चालेल.

माझे म्हणणे एवढेच आहे : एका वर्षाच्या आकड्यावरून कल ठरत नाही. किमान पाच वर्षांचे प्रत्यक्ष आकडे एकाखाली एक मांडले आणि मधे व्याख्या किंवा हद्द कुठे बदलली हे शोधले, तरच काही ठामपणे म्हणता येते.

प्रश्न आधी ठरवा

'आमच्या नगरपालिकेची आर्थिक स्थिती कशी आहे?' हा प्रश्न कामाचा नाही. इतक्या मोठ्या प्रश्नाला शेकडो पानांची अंदाजपत्रके चाळली तरी उत्तर मिळत नाही आणि माणूस चौथ्या दिवशी दमून सोडून देतो. प्रश्न असा हवा, की ज्याचे उत्तर एका तक्त्यात बसेल. गेल्या सहा वर्षांत घरपट्टीची वसुली वाढली की थकबाकी? पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून स्थानिक संस्थांना येणाऱ्या अनुदानाच्या, पैशांतले पाण्यावर किती गेले? जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या घटतेय, ती सगळ्या तालुक्यांत की दोनच तालुक्यांत?

प्रश्न लिहून काढा आणि त्याखाली तीन गोष्टी नोंदवा : कोणती संस्था, कोणती वर्षे, कोणते शीर्ष (म्हणजे जमा-खर्चाची कोणती बाब). हा कागद काम संपेपर्यंत समोर ठेवा. आकडे गोळा करताना वाटेत मोह पडेल असे पुष्कळ काही दिसते.

कोणता कागद कुणाचा

महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. ग्रामीण भागात ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, तर शहरी भागात महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती. प्रत्येकाचा कायदा वेगळा, म्हणून हिशेबाचा साचाही वेगळा. ग्रामपंचायतीला १९५८ चा अधिनियम, जिल्हा परिषद व पंचायत समितीला १९६१ चा, नगरपरिषदांना १९६५ चा, महापालिकांना १९४९ चा आणि मुंबईला थेट १८८८ चा. गोव्यात तर पंचायत समिती हा टप्पाच नाही. तिथे ग्रामपंचायतीनंतर थेट जिल्हा पंचायत येते. त्यामुळे एका राज्याचा तक्ता दुसऱ्यावर तसाच ठेवता येत नाही.

राज्य पातळीवर पहिला कागद म्हणजे अर्थ विभागाच्या संकेतस्थळावरची अर्थसंकल्पीय प्रकाशने. त्याच्या आदल्या दिवसांत येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते. याच संचालनालयाच्या जिल्हा कार्यालयातून 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' निघते. या पुस्तिकेकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. तालुकानिहाय शाळा, दवाखाने, सिंचन, रस्ते, पशुधन असे सगळे त्यात एकत्र मिळते. जुन्या वर्षांचे अंक मिळाले तर नक्की साठवून ठेवा.

वर्ष चालू असताना किती निधी वितरित झाला आणि किती खर्ची पडला, ते 'बीम्स' या प्रणालीवर दिसते. शासन निर्णय, म्हणजे आपले जीआर, शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. प्रत्येक जीआरला लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. संकेतांक टिपून ठेवला की तोच जीआर पुन्हा शोधायला क्षणही लागत नाही.

लेखापरीक्षण दोन ठिकाणी पाहा. राज्याच्या वित्ताचा आणि मोठ्या योजनांचा अहवाल कॅगचा असतो. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका यांचे लेखे राज्याचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. 'आक्षेपाधीन रक्कम' (जिच्यावर आक्षेप घेतला आहे ती), 'अनुपालन प्रलंबित' (आक्षेपाचे उत्तर अजून दिलेले नाही) हे शब्द तिथे भेटतील. एखादा आक्षेप वर्षामागून वर्षे तसाच पडून राहिलेला दिसला, तर त्या संस्थेच्या कारभाराबद्दल ती नोंद कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगते.

राज्याराज्यांची तुलना करायची असेल तर रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा वार्षिक अभ्यास घ्या. महापालिका आणि पंचायतींच्या वित्तावरही बँकेने अलीकडे स्वतंत्र अहवाल काढले आहेत. जानेवारी २०२४ च्या पंचायतींवरील अहवालात देशभरातल्या पंचायतींच्या महसुलात स्वतःच्या करांचा वाटा अवघा एक टक्क्याच्या आसपास दिसतो. बाकी जवळजवळ सगळे केंद्र आणि राज्याचे अनुदान. गावचा हिशेब वाचायला बसण्याआधी हे मनात असू द्या. गावाकडे पैसा कमी का, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

सुरुवात ग्रामपंचायतीपासून करा

शहरात राहत असलात तरी पहिला सराव मूळ गावच्या ग्रामपंचायतीवर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. आकडे लहान असतात, कामे डोळ्यांनी पाहिलेली असतात, आणि चूक लगेच लक्षात येते. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसूनही हे करता येते, कारण ई-ग्रामस्वराज हे पोर्टल सर्वांना खुले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी ते सुरू झाले, म्हणजे आता पाच-सहा वर्षांची मालिका तिथे जमली आहे.

पोर्टलवर वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत निवडत गेलात की दोन प्रकारची माहिती मिळते. पहिली म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा : कोणते काम, कोणत्या योजनेतून, किती अंदाजित खर्चाचे. दुसरी म्हणजे लेखे : पैसा कधी आला, कधी गेला. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि लोक बहुधा पहिलीच पाहून थांबतात. आराखड्यात चाळीस कामे दिसतात म्हणून चाळीस कामे झाली असे नव्हे. आराखड्यातले प्रत्येक काम घ्या, त्याच्यासमोर प्रत्यक्ष दिलेली रक्कम लिहा, आणि कामाचे जिओटॅग फोटो असतील तर तेही पाहा.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी वाचताना त्याची विभागणी माहीत हवी. २०२१-२२ पासून या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित. त्याआधीच्या २०२०-२१ या वर्षी हे प्रमाण निम्मे-निम्मे होते. महाराष्ट्रात हा निधी ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० असा वाटला गेला. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ ते २०२०, तो थेट फक्त ग्रामपंचायतींना मिळत होता. तेव्हा २०१९-२० आणि २०२१-२२ या दोन वर्षांची नुसती तुलना करून 'आमच्या ग्रामपंचायतीचा निधी घटला, कुणीतरी खाल्ला' असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाटपाचे सूत्रच मधे बदलले आहे.

गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे ग्रामनिधीचा, पूर्ण हिशेब पोर्टलवर सापडेलच असे नाही. तो ग्रामपंचायतीच्या नमुन्यांत असतो. लेखासंहितेत ३३ नमुने आहेत, पण कल पाहायला चारच पुरतात : नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी आणि नमुना ९ म्हणजे कराची मागणी व वसुली. गावात लोक घराचा 'आठचा उतारा' म्हणतात तो यातल्या आठमधूनच येतो. तलाठ्याकडचा जमिनीचा 'आठ-अ' वेगळा.

नमुना ९ जरा जवळून पाहू, कारण वसुलीच्या टक्केवारीवरून सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. समजा, गावाची चालू वर्षाची घरपट्टीची मागणी ६ लाख आहे आणि मागची थकबाकी ४ लाख. वर्षभरात ६ लाख जमा झाले. कुणी म्हणेल, वसुली शंभर टक्के. कुणी म्हणेल, ६० टक्के. पहिल्याने फक्त चालू मागणीने भागले, दुसऱ्याने एकूण मागणीने. दोघांचे गणित बरोबर आहे, प्रश्न वेगळे आहेत. म्हणून जमा रकमेतली चालूची वसुली किती आणि थकबाकीची किती, हे वेगळे काढा. ६ लाखांपैकी ३ लाख जुन्या थकबाकीचे असतील, तर चालू वसुली ५० टक्केच आहे आणि पुढच्या वर्षासाठी ३ लाखांची नवी थकबाकी तयार झाली आहे. सहा वर्षांचे असे चार रकाने मांडले की गाव कर भरण्याच्या बाबतीत सुधारतेय की एखाद्या वर्षीच्या वसुली मोहिमेमुळे तसे वाटतेय, हे स्पष्ट दिसते.

नमुना ८ बघताना आणखी एक गोष्ट : २०१५ च्या शेवटी घरपट्टीचे नियम बदलून आकारणी भांडवली मूल्यावर आली. त्यानंतर फेरआकारणी झालेल्या वर्षी मागणीत एकदम उडी दिसते. ती घरे वाढल्याची उडी नसते.

ग्रामनिधीतून ठरावीक वाटा राखून ठेवणे बंधनकारक आहे : मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के. सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी तक्ता मला हाच वाटतो. स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, प्रत्यक्षात दिव्यांगांवर खर्च किती. तीन रकाने, पाच ओळी. गावातल्या एखाद्या दिव्यांग माणसाला आपल्या हक्काचे किती राहिले ते यातून थेट कळते. हा तक्ता प्रत्येक गावात कुणीतरी करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष

राज्याचा किंवा महापालिकेचा अर्थसंकल्प उघडलात की एका शीर्षासमोर चार रकाने दिसतील. २०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज (वर्ष चालू असताना दुरुस्त केलेला) आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. म्हणजे एखाद्या वर्षात खरोखर काय झाले हे दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात मिळते. पाच वर्षांची प्रत्यक्ष मालिका हवी असेल तर पाच पुस्तके उघडावी लागतात. याला आडवाट नाही.

अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष हे तीन प्रकार एकमेकांत मिसळले की काय होते, याचे ताजे उदाहरण लाडकी बहीण योजनेचे आहे. २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर झाली. २०२५-२६ मध्ये तरतूद ३६,००० कोटींची होती. नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवले तर १० हजार कोटींची कपात दिसते. पण पहिल्या वर्षी दरमहा १,५०० रुपयांचा हप्ता जुलैपासून लागू झाला, म्हणजे ते वर्ष नऊ महिन्यांचेच. म्हणून २०२५-२६ च्या तरतुदीची तुलना २०२४-२५ च्या घोषणेशी करू नका. ती सुधारित अंदाजाशी आणि पुढे प्रत्यक्ष खर्चाशी करा, आणि दर महिन्याला किती पडतात तेही काढा. योजनेला तुमचा पाठिंबा असो वा विरोध, हिशेब हाच राहतो.

पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधे विधिमंडळाकडे मागितलेला जादा निधी, विसरू नका. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, त्यांत या एका योजनेसाठी २५,००० कोटी होते. मूळ अर्थसंकल्पाचे पुस्तक वाचून थांबणाऱ्याला हे दिसणारच नाही. पावसाळी, हिवाळी आणि अर्थसंकल्पी, तिन्ही अधिवेशनांच्या पुरवणी मागण्या जमवा.

शीर्षांची गोष्ट सोपी आहे, एकदा लक्षात राहिली की आयुष्यभर पुरते. लेखाशीर्षाचा पहिला अंक ० किंवा १ असेल तर ती महसुली जमा. २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च, ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, ६ किंवा ७ म्हणजे कर्जे व आगाऊ रकमा. पुढचे तीन अंक विषयाचे. २२१० म्हणजे आरोग्यावरचा महसुली खर्च : पगार, औषधे. ४२१० म्हणजे त्याच विषयावरचा भांडवली खर्च : इमारती, यंत्रे. ३०५४ रस्त्यांची देखभाल, ५०५४ नवे रस्ते व पूल. 'आरोग्यावरचा खर्च वाढला' असे कुणी म्हटले की दोन्ही शीर्षे वेगळी काढा. इमारत उभी राहते आणि डॉक्टर-परिचारिकांची पदे रिकामी राहतात, ही परिस्थिती या दोन ओळींच्या फरकात दिसते.

महापालिकांत आणखी एक पदर आहे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात बदल करते, मग सर्वसाधारण सभा मंजुरी देते. प्रत्येक टप्प्यावर उत्पन्नाचा अंदाज बदलू शकतो आणि बातम्यांत कधी एक तर कधी दुसरा आकडा येतो. तुमच्या तक्त्यात कोणता टप्पा घेतला ते लिहा, आणि दर वर्षी तोच टप्पा घ्या.

तक्ता कसा मांडावा

एका ओळीत एकच आकडा. रकाने असे : वर्ष, संस्था, एलजीडी कोड, शीर्ष, प्रकार म्हणजे अंदाज, सुधारित की प्रत्यक्ष, रक्कम, कागदाचे नाव, पान क्रमांक, टीप. पान क्रमांक लिहायचा कंटाळा करू नका. उद्या कुणी अधिकारी 'हा आकडा कुठून आणला?' विचारेल तेव्हा तेवढाच तुमचा आधार असतो.

एलजीडी कोड म्हणजे केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला क्रमांक. गावाचे नाव कुठे 'बु.', कुठे 'बुद्रुक' असे लिहिलेले असते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. नावावरून दोन तक्ते जोडायला गेलात तर निम्म्या ओळी सुटतात. कोडवर जोडा.

आकडे काढताना तीन अडचणी हमखास येतात. जुन्या पीडीएफ युनिकोडमध्ये नसतात. त्या श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या फॉन्टमध्ये असतात, आणि मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरे उमटतात. तिथे आकडे हाताने घालणेच बरे. दुसरी अडचण देवनागरी अंकांची : स्प्रेडशीट त्यांना बहुतेक वेळा संख्या न समजता मजकूर समजते आणि बेरीज शून्य दाखवते. आधी 'शोधा व बदला' वापरून दहाही अंक इंग्रजी (0 ते 9) अंकांत करून घ्या. तिसरी, एककाची. एका कागदात आकडे रुपयांत, दुसऱ्यात हजारांत, तिसऱ्यात लाखांत, चौथ्यात कोटींत. हे एकक पानाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. सगळे एकाच एककात आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी तुमची बेरीज कागदावरच्या एकूण रकमेशी जुळते का पाहा. जुळली नाही तर एखादी ओळ सुटली आहे किंवा उपबेरीज दोनदा धरली गेली आहे.

रेष कुठे तुटते

खरे कसब इथे लागते. आलेखात अचानक चढ किंवा उतार दिसला की कारण शोधण्याआधी एवढेच विचारा : मोजण्याची रीत किंवा हद्द बदलली का?

महापालिकांच्या उत्पन्नाच्या मालिकेत सर्वांत मोठा खंड जकातीमुळे पडला आहे. बहुतेक महापालिकांतून जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला. मुंबईत जकात १ जुलै २०१७ पर्यंत, म्हणजे जीएसटी येईपर्यंत, सुरू होती. त्यानंतर राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते. ही भरपाई स्वउत्पन्नात धरली तर एक चित्र दिसते, अनुदानात धरली तर महापालिका एका रात्रीत परावलंबी झालेली दिसते. काय धरले ते टिपेत लिहा आणि सर्व वर्षांना तेच लावा. मुंबईतच जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. करसंकलनाचा आलेख वाचताना तीही रेघ मारून ठेवा.

हद्दही बदलते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्या वर्षांत पुण्याचा एकूण खर्च वाढला यात नवल नाही, पण दरडोई खर्चाला भागायची लोकसंख्याही बदलली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत जिल्हे २०११ च्या जनगणनेप्रमाणे धरले होते, तर २०१९-२१ च्या फेरीत पालघर स्वतंत्र आहे. त्या दोन फेऱ्यांतला ठाण्याचा फरक पाहून कुपोषण कमी झाले असे म्हणाल, तर जव्हार-मोखाड्याची मुले तुमच्या हिशेबातून फक्त दुसऱ्या रकान्यात गेलेली असतील.

निवडणुका रखडल्याचा काळही आकड्यांत उतरला आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २९ महापालिकांसाठी मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधल्या काळात प्रशासकच अंदाजपत्रक मांडत आणि मंजूरही करत. जिल्हा परिषदांतही प्रशासक होते, आणि वित्त आयोगाच्या अनुदानाला रीतसर निवडून आलेल्या संस्थेची अट आहे. त्यामुळे त्या वर्षांत जिल्हा परिषदेच्या रकान्यात शून्य किंवा अगदी कमी आकडा दिसला, तर त्याचे कारण आधी इथे शोधा.

शाळांचे आकडे यू-डायस प्लसवर मिळतात. तिथे २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण संख्येऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेऊ लागले. आधीच्या वर्षांशी थेट तुलना त्यामुळे करता येत नाही. यात आणखी एक बारकावा आहे. या माहितीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे त्यानंतर, गाळप हंगामाच्या तोंडावर, गाव सोडतात. म्हणजे मूल पटावर असते, त्या तारखेला शाळेतही असते, आणि दिवाळीनंतर फडावर असते. पटसंख्येचा आकडा खोटा नाही, त्याला हे विचारलेलेच नसते. त्याच्या जोडीला हंगामातली हजेरी मागवा.

महागाई आणि माणसे

पाच वर्षांत खर्च १०० वरून १२५ झाला आणि किमती २८ टक्क्यांनी वाढल्या, तर वस्तूंच्या रूपात खर्च ९८ पेक्षा थोडा कमीच झाला. राज्याचा ग्रामीण व शहरी ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय दरमहा काढते. रकमेला त्या वर्षाच्या निर्देशांकाने भागा, आधारवर्षाच्या निर्देशांकाने गुणा. एवढे पुरते. मात्र मालिकेचे आधारवर्ष मधे बदलले असेल तर जोडगुणक, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडणारा गुणक, लावा.

दरडोई काढताना अडचण जनगणनेची. २०११ ची जनगणना शेवटची, तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. २०२१ ची झालीच नाही, पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. राज्यासाठी केंद्राच्या तांत्रिक गटाचे २०३६ पर्यंतचे प्रक्षेपण वापरता येते. गावासाठी तसे काही नाही. तिथे दरडोईच्या फंदात न पडता प्रति घर हिशेब करा, नमुना ८ वरच्या मिळकती मोजून.

कागदात नाही ते मागून घ्या

जे संकेतस्थळावर नाही त्यासाठी माहिती अधिकार आहे, पण त्याआधी एक सोपा मार्ग आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. त्या निर्णयाची प्रत सोबत न्या, नम्रपणे दाखवा. रोकडवही, प्रमाणके, मोजमाप पुस्तिका, कार्यारंभ आदेश असे काय पाहायचे ते आधी लिहून न्या.

अर्ज करायचा झाला तर महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. छायाप्रतीला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. 'का' आणि 'कसे' विचारू नका, कागद मागा. मजकूर साधारण असा ठेवा (दिव्यांग निधीचा भाग वेगळा विषय धरला जात असेल तर तो स्वतंत्र अर्जात मागा) :

'सन २०१९-२० ते २०२४-२५ या प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नमुना ९ चा गोषवारा मिळावा : चालू मागणी, मागील थकबाकी, चालू वसुली, थकबाकी वसुली. तसेच स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधीची रक्कम व खर्च वर्षनिहाय मिळावा. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असल्यास तशीच द्यावी.'

मिळालेला तक्ता आधी सरपंच, उपसरपंच आणि ग्रामसेवकांना दाखवा. ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे आहे. अनेकदा तेच एखाद्या उडीचे खरे कारण सांगतात : पाणीपुरवठा योजनेचे पैसे त्या वर्षी एकदम आले, पवनचक्कीचा कर थकीत होता तो भरला गेला. ते ऐकून टिपेच्या रकान्यात लिहा, आणि त्याला कागदाचा आधार आहे का तेही पाहा. मगच विषय ग्रामसभेत न्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे, आणि तिथे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा असतो. प्रश्न एकच आणि आकड्यासह विचारा : 'तीन वर्षांत दिव्यांग निधी इतका जमा व्हायला हवा होता, खर्च इतकाच दिसतो, उरलेली रक्कम कोणत्या खात्यात आहे?'

पुढच्या वर्षी नवे पुस्तक आले की जुन्या 'अंदाज' आणि 'सुधारित' ओळी पुसू नका. त्या तशाच ठेवा आणि त्याच वर्षाची 'प्रत्यक्ष' ही नवी ओळ खाली जोडा. तीन-चार वर्षांनी या तीन ओळींतले अंतर मोजलेत, की कोणता विभाग दर वर्षी तरतूद मोठी दाखवतो आणि खर्च अर्धाच करतो ते वेगळे शोधावे लागत नाही.